वरच्यांचं हसू

विहिरी खोदण्यात जन्म गेलेला नबीचाचा चाळिशी उलटल्यावर साक्षरता वर्गात अक्षरं शिकला. त्यानं सबंध वाचलेलं पहिलं पुस्तक गोष्टींचं होतं. त्यातली एक गोष्ट तर कामावरच्या सगळ्यांना पाठ होती. विहिरीच्या काठावर दोघं तंबाखूवरून भांडतात, भांडणाच्या भरात सुरुंग उडवून देतात, आणि खाली माणूस राहिलाय हे त्यांना मागाहून आठवतं. जेवणाच्या सुट्टीत चाचा वाचायचा आणि रामकिसन वायरी म्हणून दोन काटक्या घेऊन नकला करायचा. हसून हसून लोकांना ठसका लागायचा.

वीस वर्षांनी चाचानं ते पुस्तक पुन्हा उघडलं, ते सिरसाळ्याजवळच्या एका विहिरीवर. साठ फूट खाली त्याचा लेक अशफाक दगडाच्या भोकांत दारू भरत होता. वायरींची टोकं वर बॅटरीशेजारी पडली होती. दारू भरणाऱ्यानंच वर येऊन ती लावायची, दुसऱ्यानं शिवायचं नाही, असा रिवाज.

"वाचा की चाचा," क्रेनवरचा रामकिसन म्हणाला. "लई दिस झाले हसून."

चाचा वाचू लागला. शब्द तेच होते, पण आता ओळीओळीला त्याला खालचा माणूस दिसत होता. आवाज बसत चालला.

"मोठ्यानं की. भ्यालाव का काय?"

रामकिसन खदाखदा हसत नकलेला उठला. जुन्या सवयीनं त्यानं खाली हात घातला आणि दोन्ही वायरी उचलल्या. एक बॅटरीला टेकली. दुसरी टेकायला बोटभरच अंतर उरलं.

चाचा ओरडला नाही. ओरडलं तर रामकिसन दचकेल, एवढंच त्याला सुचलं. पुस्तक टाकून त्यानं दोन्ही मुठींत त्याचं मनगट धरलं आणि हळूहळू मागं ओढलं.

"सोड," चाचा म्हणाला. "अशफाक खाली हाय."

रामकिसननं आपल्या हाताकडं पाहिलं आणि वायरी हळूच सोडल्या. चाचानंच वायरी लांब नेऊन दगडाखाली दाबल्या. मग क्रेन चालू झाली.

अशफाक वर आला तो धुळीनं माखलेला. "तीन हाका मारल्या. कावून हसत होते एवढे?"

"गोष्ट वाचत होतो," चाचा म्हणाला.

"मला अर्धीच ऐकू आली, अब्बा. त्या खालच्या माणसाचं काय झालं?"

रामकिसनला शेवट पाठ होता. त्यानं खाली पडलेलं पुस्तक उचलून मिटलं.

"काढलं त्याला वर," चाचा म्हणाला, आणि लेकाच्या पाठीवरची धूळ झटकत राहिला.