कपाटातला माईक

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. जुना आणि आता ठार बहिरा. बहिऱ्या माईकने आपली कहाणी सांगावी म्हणजे जरा अतीच झालं, पण ऐका.

कारखान्यात माझ्या पोटात केसाहून पातळ पडदा बसवला, डोक्यावर जाळीची टोपी घातली आणि मला एका शाळेत पाठवलं. "रांगेत चला" आणि "कोणाची तरी पाण्याची बाटली राहिली आहे" यापलीकडे तिथे मी काहीच ऐकलं नाही. पुढे नवा माईक आला आणि मी अडगळीत गेलो. तिथून संगीताच्या बाईंनी मला उचलून त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीला दिलं. तिची धाकटी बहीण तिला ताई म्हणायची, म्हणून मीही ताईच म्हणतो.

ताई चष्म्याच्या दुकानात कामाला होती. चारचौघांत तिच्या तोंडून सूर निघत नसे. म्हणून सुट्टीच्या दुपारी ती कपड्यांच्या कपाटात शिरायची, दार ओढून घ्यायची आणि कोट-रजयांच्या गर्दीत माझ्या जाळीला ओठ टेकवून गायची. गिटार तीच, सूटकेसवर थापा मारून ढोल तीच, मागे साथ देणारी मंडळीही तीच! सगळं वेगवेगळं रेकॉर्ड करायचं आणि कॉम्प्युटरवर एकावर एक चढवायचं. फ्रिजची घरघर माझ्यात शिरते म्हणून ती आधी फ्रिज बंद करायची. चालू करायला मात्र हमखास विसरायची.

"दूध नासलं परत!" आई कपाटाचं दार बडवायची. "गाणं म्हणतेस का पनीर करतेस?"

"आई! चांगलं चाललेलं गाणं गेलं ना!"

"गाणं गेलं, दूध गेलं, आता तूही बाहेर ये."

ती गाणी तिने इंटरनेटवर टाकली. ती ऐकून एक ड्रमर शोधत घरी आला.

"यात ड्रम कोणी वाजवलाय?"

"सूटकेस आहे ती."

"तरीच! मधेमधे कुलूप वाजतं."

मग ताईचा मावसभाऊ बेस गिटार घेऊन आला आणि बँड झाला. पहिल्या सरावाला माईक मी एकटाच. ड्रमरने मला मोठ्या ड्रमच्या पोटात ठेवलं. "इथून काय दणका येईल बघ!" दणका आला. माझा पडदा फाटला. दुखलं वगैरे नाही, मित्रांनो. नुसतं सगळं थांबलं.

नवे माईक आले. त्यांचं कौतुक झालं. मी तारांच्या खोक्यात गेलो. बँड गावोगाव वाजवू लागला. ताईच्या गाण्यांना आता मावसभाऊ आवाज द्यायचा.

पण पहिल्या अल्बमसाठी ड्रमर अडून बसला, "आवाज तुझाच हवा." स्टुडिओ एकच दिवस मिळाला होता. वाद्यं झाली. ताई एकटी आत उभी राहिली आणि काचेपलीकडून सगळे बघत राहिले. तिचा गळा बंद. पुन्हा प्रयत्न, पुन्हा बंद. (तारांचं खोकं काचेजवळ उघडंच पडलं होतं. मला ऐकू येत नाही, पण आयुष्य तोंडासमोर गेलंय. ओठ वाचता येतात.)

"ताई, मीच म्हणू का?" मावसभाऊ म्हणाला.

"तू गप रे," ड्रमर म्हणाला. "तिचं गाणं आहे."

ताई बाहेर आली, खोकं उपसलं आणि मला नेऊन नव्या माईकच्या पुढ्यात स्टँडवर चढवलं.

"अगं, तो मेलाय!" ड्रमर म्हणाला.

"माहितेय. तुम्ही माझ्याकडे पाठ करून बसा."

तिने डोळे मिटले आणि जाळीला ओठ टेकवले. मला सूर ऐकू आला नाही. नुसती उबदार वाफ आत आली, फाटक्या पडद्यापर्यंत पोचली. पडदा हलला नाही. ती मात्र गाणं संपेपर्यंत थांबली नाही. काचेपलीकडे मावसभाऊ पाठमोराच नाक पुसत होता.

मला आनंद झाला का? खरं सांगू? काहीच वाटलं नाही.

तरी एक विनंती करतो. तुमच्या घरात असं कोणी असेल, ज्याच्यापर्यंत आता काही पोचत नाही, तर त्याला खोक्यात घालू नका, मित्रांनो. समोर बसवा आणि बोला. त्याला ऐकू येणार नाही कदाचित. पण तुम्हाला बोलता येईल.