वाटीभर घेवडा

डिंगोरे गावच्या ठमाबाईनं दोन वर्षं नूरबीला घेवड्याचं बी दिलं नव्हतं. एरवी बांधाशेजारच्या या मैत्रिणीला ती दर मृगाआधी राख चोळलेलं वाटीभर बी नेऊन द्यायची. पण बाजारात कुणीसं सांगितलं, देशानं जगाच्या व्यापार करारावर सही केलीय, आता बी दिलं तरी पोलीस नेतील. बिबट्याला काठी घेऊन हाकलणारी ही बाई कागदाला मात्र भ्यायची. नूरबीनंही कधी मागितलं नाही.

२००२ च्या मे महिन्यात पुण्याला वकिली शिकणारी नात वृषाली नवा कायदाच घेऊन आली. "आज्जी, त्या करारापायी दिल्लीला बियाण्याचा कायदा करावाच लागला. पण आपल्या लोकांनी त्यात लिहून घेतलं, शेतकऱ्यानं आपलं बी ठेवावं, पेरावं, दुसऱ्याला द्यावं."

"म्हंजे माज्या घेवड्याला आता दिल्लीची परवानगी?" ठमाबाई फणकारली. "आन् ही दोन वर्सं कोण भरून देणार?"

तिनं तरातरा फळीवरचं बियाचं गाडगं उतरवलं. वळवाच्या पावसात वरचं कौल गळलं होतं. राख भिजून सगळं बी कुजलं होतं.

रिकामी वाटी घेऊनच ती नूरबीकडं गेली. "बी ऱ्हायलं न्हाई गं."

नूरबीनं आतून मडकं आणलं. राखेत टपोरा घेवडा होता. "तुजंच हाय, मागं दिलेलं. दर साली पेरलं, तुज्यासाठी वाटीभर काढून ठेवलं."

"अगं, पण गुन्हा व्हता न्हवं?"

"व्हता ना," नूरबी वाटी भरत म्हणाली, "म्हणून तर तुला सांगितलं न्हाई."