पाडव्याचा घास

पाडव्याच्या आदल्या दिवशी आसारामने विठ्ठलरावांच्या गोठ्यातल्या खुंटीवरून आपली घोंगडी काढली, झटकली आणि खांद्यावर टाकली. बैलांकडे त्याने पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पाय निघाला नसता.

नऊ वर्षं तो त्यांचा सालगडी होता. पाडव्याला मालकाच्या पंगतीत गड्याने पुरणपोळीचा घास घेतला, की पुढचं वर्ष विकलं जाई. कागद नाही, अंगठा नाही. यंदा मात्र त्याच्यासह विठ्ठलरावांच्या चार गड्यांनी खंडोबाचा भंडारा उचलून शपथ घेतली होती, की पंगतीला जायचं नाही. दुष्काळाने सगळं नेलं, पण खडी फोडायचं सरकारी काम तेवढं आणलं होतं.

खाणीवर मुकादमाने चौघांची नावं लिहून घेतली.

"आठ दिसांनी या."

आठ दिवस! सोसायटीच्या दुकानातली मिलो, म्हणजे रेशनची लाल परदेशी ज्वारी, चेअरमनच्या शब्दाशिवाय मिळत नसे, आणि चेअरमन विठ्ठलरावच. बळी तो कान पिळी, हे सहकारातही चुकलं नव्हतं.

"लेकरांना काय सांगू बे?" चौघांतल्या सुग्रीवने विचारलं.

"सांग, औंदा बाप मालकाच्या गोठ्यात न्हाई, घरी झोपणार हाय," आसाराम म्हणाला.

पाडव्याच्या दुपारी आसाराम रानभाजी शोधून रिकाम्या हाताने परतला. झोपडीत पोरगी पुरण लागलेला तळहात चाटत होती. कडूबाई चुलीकडे तोंड करून बसली होती.

"कुणी आणलं?"

"मालकिणीनं. सोता आल्या व्हत्या. पोर दोन दिस उपाशी... मी न्हाई खाल्लं, तुमची आण."

"पोरीनं किती खाल्लं?"

"समदं."

राग यायला हवा होता, पण आला नाही. पोरीचं पोट भरलेलं पाहून त्याला बरं वाटलं, आणि त्याचीच लाज वाटली.

"तुमी तर खाल्लं न्हाई ना," कडूबाई म्हणाली.

"घरानं खाल्लं."

तो निघाला. आपण बुडालो, पण बाकीचे तिघे तरी सुटतील, असं वाटेभर मनाला समजावत राहिला. शपथ मोडल्याचं पाप एकट्याने भोगायची त्याची तयारी होती.

विठ्ठलरावांच्या अंगणात सुग्रीव, सटवा आणि सिदू मान खाली घालून जेवत होते. कुणी वर पाहिलं नाही. सुग्रीव जरासा सरकला. त्याच्या शेजारी चौथं ताट आधीच वाढून ठेवलं होतं.