पहिली प्रत

तिने पुन्हा मोजलं. चोवीस फाइली. प्रत्येकीत प्रोग्रॅमचा तोच एकोणीस ओळींचा तुकडा, तेच फंक्शन, नवव्या ओळीखाली तीच एक मोकळी जागा आणि शेवटी तीच टीप : ‘याला हात लावू नये.’

“चोवीस,” ती म्हणाली.

शेजारच्या टेबलावरच्या तपासनिसांनी चष्मा कपाळावर सरकवला. चाळिशीतच केस पांढरे झाल्यामुळे सगळं ऑफिस त्यांना आजोबा म्हणे.

“एकाने लिहायचं, तेविसांनी डोळे मिटून उतरवायचं. शाळेत असं केलं तर बाकावर उभं करायचे. इथे पगार देतात.”

हे फंक्शन रुग्णाच्या उशाशी थेंबथेंब औषध सोडणाऱ्या पंपात चालत होतं. बाहेरून येणारा संदेश किती लांब आहे हे न पाहताच ते तो ठरावीक जागेत भरत असे. कुणी मुद्दाम लांबलचक संदेश पाठवला, की उरलेला मजकूर शेजारच्या सूचनांवर सांडायचा आणि पंप त्या परक्याचं ऐकू लागायचा. दुरुस्त प्रोग्रॅम पाच वाजता दवाखान्यांकडे जायचा होता.

“पहिली प्रत कुणाची ते बघ,” आजोबा म्हणाले.

तिला बघायची गरज नव्हती. चार वर्षांपूर्वी, दादाने इथली नोकरी सोडली त्या संध्याकाळी, ती तिनेच केली होती. फंक्शन दादाचं. त्याने ते सगळ्यांसाठी खुलं ठेवलं होतं आणि त्यात तो बदल करत राहणार होता. तिला मात्र ते त्या दिवशी होतं तसंच हवं होतं. तिने ते आपल्या फोल्डरमध्ये ठेवलं आणि खाली ती टीप लिहिली. पुढे ज्याला लागलं त्याने तिथून उचललं.

त्याच्या आदल्याच आठवड्यात तिने भर बैठकीत त्याला विचारलं होतं, “संदेश लांब आला तर?”

“एवढा लांब कोण पाठवणार? तुझ्यासारखी बडबडी?”

सगळे हसले. घरी गेल्यावर शब्दाने शब्द वाढला आणि प्रश्न मागेच राहिला. तेव्हापासून दोघंही फक्त आईशी बोलत. दादाला ताप होता, दादाने घर बदललं, हे तिला आईकडून कळे, तेही ताप उतरल्यावर आणि सामान लागल्यावर.

दादाची मूळ फाइल तिने चार वर्षांत उघडली नव्हती. आता उघडली. एकोणिसाच्या जागी बावीस ओळी होत्या. वाढलेल्या तीन ओळी संदेशाची लांबी तपासत होत्या. बदलाची तारीख त्याने नोकरी सोडल्यानंतरच्या अकराव्या दिवसाची होती. शेजारी त्याचा शेरा : ‘धाकटीने विचारलं होतं. बरोबर होतं तिचं.’

तिने बाहीच्या टोकाने स्क्रीन पुसला. त्यावर धूळ नव्हती.

“काय गं?”

“दुरुस्ती झालेली आहे. चार वर्षांपूर्वीच. आपल्यापर्यंत आली नाही, कारण पहिली प्रत मी केली होती.”

आजोबांनी चष्मा खाली ओढला. “अहवालात लिहावं लागेल.”

“पहिल्याच ओळीत लिहिलंय.”

“मग आता त्या तीन ओळी चोवीस ठिकाणी चिकटवत बसायच्या?”

“नाही. चोवीसही पुसायच्या आणि त्याचं मूळच वापरायचं. त्याने काही बदललं की आपल्याला कळेल, तपासून घेता येईल.”

“आणि तो चुकला तर?”

“तर मी विचारेन.”

शेवटच्या फाइलीतली टीप पुसताना तिचं बोट कळीवर जरा थांबलं. मग तिने ती पुसली.

साडेचारला टेबलावरच्या पंपाला तिने शंभर लांब संदेश पाठवले. पंपाने शंभरही नाकारले. जुन्या फंक्शनचा शोध घेतला तर शून्य प्रती सापडल्या. आजोबांनी तिच्या सहीशेजारी आपली सही केली आणि प्रोग्रॅम पाचला सात मिनिटं कमी असताना रवाना झाला.

ती फोन घेऊन जिन्यात गेली. आईचा नंबर ओलांडून तिने त्याखालचा लावला.

फोन चौदा सेकंद वाजला आणि उचलला गेला.