खांबाजवळची जागा

चेणे गावाच्या अलीकडे एका लॉनवर पोलिसांच्या आणि सुरक्षेच्या सामानाचं प्रदर्शन भरलं होतं. माझी भाची रसिका तिथे एका कंपनीच्या स्टॉलवर होती. पाससाठी खात्याचं नाव द्यावं लागतं, म्हणून तिने माझ्या फॉर्मवर लिहिलं, 'महिला भजनी मंडळ, शांती नगर'. दारातल्या जवानाने पास दोनदा वाचला आणि आत सोडलं.

ढाली, हेल्मेटं, ड्रोन पार करत मी तिच्याकडे पोचले. तिच्या स्टॉलवरचं यंत्र गर्दीतून एकाच माणसाचा आवाज वेगळा काढायचं.

"मावशी, काकांचा आवाज तुझ्या मोबाईलमध्ये आहे की."

"तो 'दूध आण, बिल भर' असला. मला त्यांचं गाणं हवंय."

हे आमच्या देवळात टाळकरी. बुवांच्या मागे उभे राहून गायचे. त्यांचं शेवटचं कीर्तन शेजारच्या हंसाबेनने त्यांच्या पायाशी मोबाईल ठेवून रेकॉर्ड केलं. मी गेले नव्हते. येते म्हटलं होतं, मग कंटाळा केला. चौथ्या दिवशी हे गेले. त्या कंटाळ्यासाठी पांडुरंगापुढे रोज नाक घासते. पण दहा गळ्यांतला त्यांचा कुठला, ते मला कधी कळलं नाही.

स्टॉलवरच्या निहार नावाच्या इंजिनिअरने मोबाईलमधलं बोलणं आणि ते कीर्तन, दोन्ही रेकॉर्डिंगं यंत्रात घातली. थोड्या वेळाने त्याचा चेहरा पडला.

"आजी, हे बोलणं शोधायला बनवलंय. गाणं सगळं गोंगाट म्हणून पुसलं गेलं. दीड तासातले अकरा सेकंद उरलेत."

"तेवढे ऐकव."

हेडफोनमध्ये आधी काहीच नाही. मग हे, हळू आवाजात: "हंसाबेन, खांबाजवळ जागा ठेवा. अनसूयाचे गुडघे धरतात."

मग, "आली का?"

आणि शेवटी, दमलेले: "राहू दे ती जागा. येईल ती."

त्या दिवशी घरी आल्यावर मला एका शब्दाने बोलले नव्हते. पानावर बसताना एवढंच म्हणाले, बुवा आज छान रंगले.

रसिकाने हळूच विचारलं, "पेनड्राइव्हवर देऊ, मावशी?"

"दे. पण गाण्यासकट दे."

रिक्षात बसल्यावर आठवलं. गेलं वर्षभर दर एकादशीला हंसाबेन माझा हात धरते, "इधर बैठो, बेन" म्हणत त्या खांबाला टेकून बसवते. मला उशीर झाला तर तिथे तिची पिशवी ठेवलेली असते.

का, ते मी कधी विचारलं नव्हतं.