तोंडात राहिलेला घास

बाबांनी एकच अट घातली होती. "तेजू, सगळं दाखव. पण ती दाराची गोष्ट नको."

मी हो म्हटलं होतं.

बाबा म्हणजे मधुकर महाजन, भूगोलाचे निवृत्त शिक्षक. आमच्या मोहल्ल्यात, बुधवाऱ्यात, त्यांना कुणी नावाने हाक मारत नाही. लहानथोर सगळ्यांचे ते 'सर'. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी फळ्यावर मेक्सिकोचा नकाशा काढला आणि डोंगरांच्या जागी खडूने चांदीची खूण केली. माझा मोठा भाऊ मयूर कामासाठी ग्वादालाहाराला गेला, तेव्हा त्या नकाशात पाय ठेवायची सोय झाली. यंदा भाऊबीज त्याच्याकडेच करायची असं आईने ठरवलं आणि दिवाळीत आम्ही तिघं तिकडे पोचलो. परत आल्यावर आमच्या मराठी मंडळाने बाबांचं भाषण ठेवलं : 'मेक्सिकोतली डोंगरावरची जुनी शहरं'. मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलंय, पण त्या संध्याकाळी माझं काम एवढंच, की लॅपटॉप सांभाळायचा आणि बाबांनी छडी टेकवली की पुढचा फोटो लावायचा.

सुरुवात फार छान झाली. बाबांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि आवाज वर्गातला लागला होता.

"कुणी सुखासुखी एवढ्या चढावर घर बांधत नाही," ते म्हणाले. "खाली चांदी होती म्हणून वर शहर झालं. स्पॅनिश लोकांनी मोठमोठी चर्चेस बांधली. पण खाणीत कोण उतरलं? तिथलीच माणसं. घुमट बघताना हे विसरायचं नाही."

मग गुआनाहुआतोचे फोटो आले. डोंगराच्या दोन्ही उतारांवर पिवळी, गुलाबी, निळी घरं, एकमेकांच्या खांद्यावर बसल्यासारखी. बाबांनी सांगितलं, की शहराच्या पोटातून नदी जायची आणि पुरात घरं बुडायची. म्हणून नदी वळवली. आता तिच्या जुन्या वाटेने, जमिनीखालून, मोटारी जातात.

"आपल्या गावच्या कुंडी भंडाऱ्याचं उलटं," बाबा म्हणाले. "आपण जमिनीखालून पाणी गावात आणलं, त्यांनी गावातून बाहेर काढलं."

लोक खूश झाले. कोपऱ्यावर साड्यांचं दुकान असलेले लोटू काका मागून ओरडले, "सर, ते सब ठीक आहे, पण वहिनींनी खाल्लं काय? तिकडं तर पाण्यातपण मटण असेल!"

"पोळीच असते हो त्यांची, मक्याची," आई जागेवरूनच म्हणाली. "फक्त आत काय लपवलंय ते उघडून बघावं लागतं."

सगळे हसले. बाबाही हसले आणि त्यांनी छडी टेकवली. मी बटण दाबलं.

आणि तो फोटो भिंतीवर आला. मी तो काढून टाकायला विसरले होते.

एका अरुंद गल्लीतलं उघडं दार. रस्त्यापासून उंबऱ्यापर्यंत आणि उंबऱ्यावरून आत झेंडूच्या पाकळ्यांची वाट. आत पायऱ्यापायऱ्यांचा चौरंग, त्यावर मेणबत्त्या, संत्री, शेंगदाणे, गोल पाव, उदाचा धूर. आणि समोर वाकलेले, हात जोडलेले, अनवाणी बाबा.

"अरे! तिकडंपण देव?" कुणीतरी म्हणालं.

"हां… तिकडची पद्धत आहे ती," बाबा म्हणाले. "पुढचा, तेजू."

"थांब ना बेटा," लोटू काका म्हणाले. "सर एवढे वाकलेत, प्रसाद तरी मिळाला की नाही?"

हॉल हसायच्या तयारीत होता. परत आल्यापासून मयूर आणि मी ही गोष्ट फोनवर एकमेकांना सांगून पोट धरून हसत होतो. ती माझ्या तोंडात तयारच होती. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मला दिसलं, हे मला नीट आठवतं. तरी मी माइक हातात घेतला.

"मिळाला ना, काका! म्हणजे बाबांनी स्वतःच घेतला."

मी सांगत गेले. आपल्याकडे त्या दिवशी पाडवा होता. आईने सकाळी हॉटेलच्या खोलीत, निरांजन नाही म्हणून पेल्यात मेणबत्ती लावून, बाबांना ओवाळलं होतं. बाहेर पडलो तर गावभर झेंडू. मी बाबांना म्हटलं, झेंडू मूळचा मेक्सिकोचाच. आपल्याकडे तो समुद्रावरून आला. बाबा म्हणाले, म्हणजे दसऱ्याचं तोरण यांचंच की! त्यांना सगळंच आपलं वाटायला लागलं. मयूर खाली टॅक्सीवाल्याशी हुज्जत घालत मागे राहिला होता. आम्ही चढ चढून गेलो तर हे दार. लक्ष्मीच्या पावलांसारख्या पाकळ्या. मग काय, बाबांनी बूट काढले, पाकळ्यांच्या कडेकडेने आत गेले, नमस्कार केला. मी म्हटलं, बाबा, जरा उजवीकडे सरका, फोटो नीट येईल. ते सरकले. मग त्यांनी एक पाव उचलला, मोडला, डोळ्यांना लावला, आईला दिला, मला दिला, स्वतः तोंडात टाकला.

"तेवढ्यात आतून बाई आल्या," मी म्हणाले, "आणि मागून मयूर धापा टाकत. म्हणतो, पागल झालात का! हा देव नाहीये. आज यांच्याकडे मेलेली माणसं जेवायला येतात. ते त्यांचं ताट आहे! आणि आपले सर, तोंडात घास, ना गिळता येतोय ना थुंकता येतोय…"

मी गाल फुगवून, डोळे मोठे करून बाबांची नक्कल केली.

हॉल खदाखदा हसला. लोटू काकांनी मांडीवर थाप मारली.

पहिल्या रांगेत अलका काकू बसल्या होत्या. त्या हसल्या नव्हत्या. त्यांच्याकडे नजर गेली आणि माझे गाल तसेच फुगलेले राहिले. काकूंची निशा माझ्या वर्गात होती, बाबांची विद्यार्थिनी. ती जाऊन वर्ष व्हायचं होतं. पितृपक्षात तिच्या नावाचं पान वाढायचं, की वर्ष झाल्याशिवाय वाढायचं नसतं, यावरून त्यांच्या घरात झालेला वाद आईनेच मला सांगितला होता. त्या संध्याकाळी दारात मीच काकूंना 'या, पुढे बसा' म्हटलं होतं.

"कुणाचं ताट होतं ते?" काकूंनी विचारलं. मला नाही, बाबांना.

हसणं एकेका रांगेने थांबलं.

"त्यांच्या मुलीचं," बाबा म्हणाले. "फोटो होता फुलांमागे. शाळेच्या गणवेशातला. मला तो नंतर दिसला."

"मग त्या बाईंनी काय केलं?"

हे मला माहीतच नव्हतं. माझ्या गोष्टीत बाई आत येत होत्या आणि तिथेच संपत होत्या. मी तेव्हा मयूरकडे बघत होते, आणि मग स्वतःच्या हातातल्या तुकड्याकडे.

"त्यांनी खुर्ची ओढली," बाबा म्हणाले. "मला बसवलं. पाणी आणून दिलं. घास गिळेपर्यंत समोर उभ्या राहिल्या. मग माझ्या हातात उरलेला पाव घेतला आणि थोडा स्वतः खाल्ला. बहुतेक मला बरं वाटावं म्हणून."

"नाव काय होतं हो तिचं?"

बाबांनी छडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. ज्या माणसाला पन्नाशीला आलेल्या विद्यार्थ्यांची नावं हजेरीच्या क्रमाने आठवतात, तो माणूस पहिल्या रांगेकडे बघू शकत नव्हता.

"विचारलं नाही, वहिनी," ते म्हणाले. "खाल्लं, पाणी प्यायलो आणि बूट घालून निघालो. नाव विचारलं नाही."

पुढे साकातेकासचे फोटो होते, गुलाबी दगडाच्या चर्चचे. बाबांना ते सगळ्यांत आवडलं होतं. ते दाखवलेच नाहीत. बाबांनी आभार मानले आणि पुढच्या रांगेतली आपली पिशवी उचलली.

आम्ही घरी आलो. कुलूप उघडताना आई म्हणाली, "एकच गोष्ट सांगितली होती त्यांनी तुला." मला वाटलं, ती आणखी बोलेल. ती भात लावायला गेली.

मला रागावले असते तर बरं झालं असतं. बाबांनी जेवताना लोणचं मागितलं, मला उद्या दळण न्यायची आठवण केली. मी माफी मागायला दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो फोटो उघडला आणि मोठा करत गेले. गोष्ट नीट बघायची सवय मला कॉलेजने लावली. ती मी पानांवर, परागकणांवर वापरली होती, त्या दारात नाही. आता दिसलं, की पावावरची कणकेची नक्षी म्हणजे हाडं होती. फुलांमागच्या चौकटीत गणवेशाची निळी बाही होती. त्या चौकटीखाली साखरेची छोटी कवटी होती. मी वाचलं, की तिच्या कपाळावर गेलेल्या माणसाचं नाव लिहितात. या कवटीवरही होतं. पहिली दोन अक्षरं दिसत होती, आर आणि ई. बाकीची बाबांच्या वाकलेल्या डोक्यामागे गेली होती. फोटो नीट यावा म्हणून मीच त्यांना उजवीकडे सरकवलं होतं.

फोन फोटोबरोबर जागेचीही नोंद ठेवतो. मी ती मयूरला पाठवली.

"पागल आहेस का, तेजू? चार तासांवर आहे ते," तो म्हणाला. "आणि जाऊन सांगू काय? तुमचा पाव खाल्ला होता, आता नाव सांगा?"

"हो. हेच."

"हसलो तर आपण दोघंही होतो, यार," तो म्हणाला. "जातो शनिवारी."

मी बाबांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला. "त्याने नाही विचारायचं," ते म्हणाले. "तू विचार. त्यांच्या भाषेत. आणि अलका वहिनींना बोलावून आण."

दुसरं काम पहिल्यापेक्षा अवघड होतं. काकूंचं घर आमच्यापासून चार दारं सोडून आहे. मी घराबाहेर दोन फेऱ्या मारल्या. दार उघडल्यावर मनात जुळवलेलं सगळं विसरले.

"काकू, रविवारी सकाळी घरी याल? त्या मुलीचं नाव विचारणार आहोत."

आत कपाटावर निशाचा फोटो होता, आम्ही दोघींनी एकाच दिवशी काढलेला, प्रवेशपत्रासाठी.

"येते," त्या म्हणाल्या. आणि दार लावता लावता, "नक्कल चांगली करतेस तू. निशा सांगायची."

यात टोमणा होता की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

रविवारी आमची सकाळ म्हणजे तिकडची शनिवारची संध्याकाळ. स्वयंपाकघराच्या ओट्यावर, पिठाच्या डब्याला फोन टेकवून ठेवला. बाबांनी पुन्हा तोच इस्त्रीचा शर्ट घातला होता. काकू आईशेजारी बसल्या. पडद्यावर मयूरच्या चालीबरोबर सगळं हलत होतं, दगडी पायऱ्या, निळी भिंत, त्याचा श्वास. दार बंद होतं. झेंडू नव्हता. त्याने कडी वाजवली.

बाईंनी मयूरला ओळखलं नाही. त्याने काहीतरी सांगून फोन पुढे केला, तेव्हा त्यांनी बाबांना ओळखलं. बाईंचा हात नकळत स्वतःच्या तोंडाशी गेला.

मी ते वाक्य आठवडाभर म्हणत होते. भांडी घासताना, दळणाच्या रांगेत. कोमो से यामाबा सु इहा? तुमच्या मुलीचं नाव काय होतं? आता 'कोमो' म्हटलं आणि पुढचं तोंडातच राहिलं. बाई वाट बघत होत्या. काकू वाट बघत होत्या. मी पुन्हा सुरू केलं आणि खाली ओट्याकडे बघत कसंबसं संपवलं.

"रेनाता," त्या म्हणाल्या.

"रेनाता," बाबा म्हणाले. मग पुन्हा, सावकाश, नव्या मुलीचं नाव वर्गात पहिल्यांदा घेताना ते घ्यायचे तसं. "रेनाता."

काकूंचे ओठही हलले. आवाज आला नाही.

बाईंनी मयूरला काहीतरी विचारलं. तो अडखळला.

"बाबा, त्या विचारतायत… पाव आवडला होता का? तिच्या आवडीचा होता. संत्र्याची साल घालून त्यांनी स्वतः केला होता."

आईने बाबांकडे पाहिलं. 'हो' म्हणणं सोपं होतं; मी असते तर म्हटलं असतं.

"चव लागलीच नाही," बाबा म्हणाले. "लाजेने. तसंच सांग त्यांना."

मयूरने सांगितलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मान हलवली, बोट वर करून थांबायची खूण केली आणि आत गेल्या. दार उघडंच राहिलं. आतला कोपरा दिसत होता, जिथे चौरंग होता. तिथे आता फक्त एक खुर्ची होती. आम्ही चौघं बुधवाऱ्यातल्या स्वयंपाकघरात त्या खुर्चीकडे बघत थांबलो. माझं बोट पडद्याजवळ होतं, पण मी फोटो काढला नाही.