गाठीकडे न गेलेल्या वाटा

मित्रांनो, मी प्रयोगशाळेतला म्हातारा सूक्ष्मदर्शक. खिडकीजवळच्या टेबलावर माझं सारं आयुष्य गेलं. नवा होतो तेव्हा लोक हात धुऊन मला शिवत. मग शेजारी पडद्यावर चित्र दाखवणारं यंत्र आलं, माझे नव्याचे नऊ दिवस संपले, आणि कुणीही माझ्या डोक्यावर ओले हातमोजे वाळत घालू लागलं. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

संशोधन करणाऱ्या ताईंनी मात्र मला सोडलं नाही. त्या कोंबडीच्या फलित अंड्याच्या कवचाला नखाएवढी खिडकी पाडत आणि आतल्या पातळ पडद्यावर कर्करोगाच्या गाठीचा कण ठेवत. गाठ मोठी लबाड! वाढायला तिला रक्त लागतं, म्हणून ती आसपासच्या रक्तवाहिन्यांना बोलावते आणि त्या बापड्या नवे फाटे फोडत तिच्याकडे निघतात. ते लाल ओढे बघता बघता माझी तंद्री लागायची.

ताईंचं औषध त्या फाट्यांना अडवणारं होतं. पण काचेच्या बशीत वाढवलेल्या गाठीच्या पेशींवर ते घातलं, तर पेशी आपल्या मजेत!

"गाठ मरत नसेल तर औषध कसलं?" प्रयोगशाळेचे मोठे सर म्हणाले. "बंद करा हे काम."

"सर, बशीत पेशींना सगळं आयतं मिळतं. तिथे रक्तवाहिन्या लागतातच कुठे? एकदा अंड्यात बघा, मग बंद करा."

काही दिवसांनी औषध दिलेलं अंडं बघायला सर माझ्यावर वाकले. "अहो, गाठीभोवती काहीच दिसत नाही. भिंग मळलंय तुमचं."

मळलं होतंच. ताईंचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांची मेहनत माझ्या धुळीपायी जाणार होती. त्यांनी मऊ कापडानं मला हळुवार पुसलं.

सर पुन्हा वाकले. कडेच्या रक्तवाहिन्या आता केसासारख्या स्पष्ट होत्या. गाठीभोवती मात्र सगळं कोरं. औषध न दिलेल्या शेजारच्या अंड्यात गाठ फुगून लालेलाल झाली होती. ही मोहरीएवढीच राहिली होती.

"मेलेली नाही," सर म्हणाले.

"नाही. पण तिची रसद तुटलीय."

सरांनी दोन्ही अंडी आलटूनपालटून माझ्याखाली ठेवून पाहिली. मग म्हणाले, "उद्या आणखी अंडी लावा."

मित्रांनो, शोध ताईंचा. मी फक्त जे नव्हतं, ते खरंच नाही एवढं दाखवलं. मळक्या डोळ्यावर कुणी तेवढाही विश्वास ठेवत नाही. तेव्हा तुमच्या शाळेत माझा एखादा भाऊबंद कोपऱ्यात पडला असेल, तर त्याचं भिंग पुसून ठेवा. आणि हातमोजे दुसरीकडे वाळवा.